यादवी युद्धाच्या रीएनॅक्टमेंटमध्ये अस्सलपणा : किती, कुठून आणि कुठवर

न्यू जर्सीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. गेटिसबर्गचा कार्यक्रम पाहून आल्यापासून त्यांना अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) रीएनॅक्टमेंटमध्ये, म्हणजे त्या काळचे कपडे आणि हत्यारं घेऊन जुन्या लढाया पुन्हा उभ्या करण्याच्या छंदात उतरायचंय, तेही युनियनच्या (उत्तरेच्या) पायदळात. आधी काय विकत घ्यायचं? एकेक टाका मोजणारे जे लोक या छंदात असतात, त्यांच्याइतकं काटेकोर व्हायलाच हवं का? आणि भारतीय चेहऱ्याचा माणूस निळा कोट घालून रांगेत उभा राहिला, तर सगळ्या अस्सलपणाला तिथेच तडा जात नाही का? मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि बरीच वर्षं हेच करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी काहीच विकत घेऊ नका. नवा माणूस मैदानाच्या कडेला तंबू टाकून बसलेल्या सटलरांकडे (सामान विकणारे) जातो आणि कोट, टोपी, पट्टा, बंदूक असं सगळं एका दमात उचलतो. त्यातलं निम्मं पुढे बदलावं लागतं. त्यातला स्वस्त माल बऱ्याचदा भारतात नाहीतर पाकिस्तानात बनलेला असतो. मायदेशाचा अभिमान क्षणभर बाजूला ठेवा आणि पुढे चला. दोष कारागिराचा नाही. त्याला नमुना म्हणून जुना कोट कुणी दाखवलेलाच नसतो, दाखवलेला असतो दुसरा स्वस्त कोट.

या छंदात भूमिकेला 'इम्प्रेशन' म्हणतात. 'युनियनचा सैनिक' एवढ्यावर इम्प्रेशन होत नाही. कुठली रेजिमेंट, कुठली लढाई, कुठला महिना, एवढं ठरलं की मगच कोट आणि बंदूक कुठली ते ठरतं. १७ सप्टेंबर १८६२ च्या अँटिटमच्या लढाईतली आयरिश ब्रिगेड घ्या. तिच्या न्यूयॉर्कच्या रेजिमेंटांकडे १८४२ च्या नमुन्याच्या गुळगुळीत नळीच्या, .६९ कॅलिबरच्या जुन्या बंदुका होत्या. एका काडतुसात एक मोठी गोळी आणि तीन छर्रे. जवळून मारा करायला हे भयंकर हत्यार होतं. त्यांच्या हातात सगळीकडे मिळणारी १८६१ ची स्प्रिंगफील्ड रायफल दिलीत, तर कोट कितीही नेटका असो, ते दृश्य चुकलं. गेटिसबर्गला १४ व्या कनेटिकट रेजिमेंटच्या 'ए' आणि 'बी' कंपन्यांकडे मागून भरायच्या शार्प्स रायफली होत्या, बाकीच्या कंपन्यांकडे नव्हत्या. म्हणजे रेजिमेंट ठरली तरी कंपनी ठरवावी लागते.

निळा म्हणजे उत्तर आणि करडा म्हणजे दक्षिण हे समीकरणही पहिल्या वर्षाला लागू करू नका. २१ जुलै १८६१ ला मनॅससच्या पहिल्या लढाईत २ री विस्कॉन्सिन ही युनियनची रेजिमेंट करड्या कपड्यांत होती. उलट ३३ व्या व्हर्जिनियाच्या निळ्या कोटांमुळे युनियनचे तोफखानेवाले गोंधळले. त्यांना हे लोक आपलेच वाटले, आणि हेन्री हिलवरच्या त्यांच्या तोफा हातच्या गेल्या. तुम्हाला १८६१ करायचं असेल तर खुशाल करा, पण ते सगळ्यात अवघड साल आहे. नवख्यांना मी १८६३–६४ सुचवतो. तोवर सरकारी पुरवठा बसलेला होता आणि माणसं बऱ्यापैकी एकसारखी दिसत होती.

कुणाकडे काय होतं हे कळतं कुठून? राष्ट्रीय अभिलेखागारात रेजिमेंटांची शस्त्रांची तिमाही विवरणपत्रं आहेत, कपडे दिल्याच्या नोंदवह्या आहेत. पण सुरुवात फोटोंपासून करा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिल्येनक्विस्ट संग्रहात त्या काळच्या सैनिकांचे काचेवरचे आणि पत्र्यावरचे हजारो फोटो आहेत. तुम्ही घरी बसून ते इतके मोठे करू शकता की बटणाखालचा दोरा दिसेल. दोन गोष्टी मात्र डोक्यात ठेवा. हे फोटो आरशासारखे उलटे असतात. उजव्या कमरेला असणारी काडतुसांची पेटी डावीकडे दिसली, की शहाणे लोक लगेच 'अपवाद सापडला' म्हणून उड्या मारतात. आणि त्या वेळच्या रसायनाला निळा रंग फिका दिसायचा, तांबडा-पिवळा गडद. त्यामुळे आकाशी पँट जवळजवळ पांढरी वाटते आणि लाल पट्टी काळी. फोटोवरून रंग ठरवायचा नाही. घडण, काट आणि अंगावर कपडा कसा बसलाय ते पाहायचं.

तिसरी गोष्ट जास्त त्रास देते. स्टुडिओतल्या फोटोत साधा शिपाई कमरेला पिस्तूल आणि हातात लांब सुरा घेऊन बसलेला असतो. ही हत्यारं बरेचदा फोटोवाल्याची असत. तो फोटो पाहून आपला गडी पिस्तूल घेतो, सुरा घेतो, टोपीत पीस खोचतो. प्रत्येकाला काहीतरी वेगळं हवं असतं आणि अशी पन्नास वेगळी माणसं एका रांगेत उभी राहिली की ती कुठल्याच सैन्याची वाटत नाहीत. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांशेजारी प्लॅस्टिकचा मशीनगनवाला ठेवावा, तशातला प्रकार. कडक मंडळींचा नियम सोपा आहे आणि मला तो पूर्ण पटतो: साधं, रोजचं, बहुतेकांकडे असलेलं तेच घ्यायचं. एखादी वस्तू कुठेतरी एकदा होती, म्हणून ती तुमच्या अंगावर यायला हवी असं नाही.

आता कपडा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण लांबून पाहणाऱ्याला जे एकसारखं दिसतं ते इथे वेगळं होतं.

युनियनच्या शिपायाचा रोजचा कोट म्हणजे गडद निळ्या लोकरी फ्लॅनेलचा, चार पितळी बटणांचा, सैलसर सॅक कोट. फिलाडेल्फियाच्या स्कूलकिल आर्सेनलमध्ये (लष्करी सामानाच्या सरकारी डेपोत) कापड बेतून कापलं जाई. ते तुकडे हजारो बायका घरी नेत आणि हाताने शिवून परत आणून देत. दुसरीकडे कंत्राटदारांचा माल शिवणयंत्रावर शिवलेला असे. त्यामुळे 'यंत्राची टीप दिसली की नकली' हा जो दंडक काही जण मिरवतात, तो चुकीचा आहे. कोट कुठल्या डेपोचा, त्यावर ते अवलंबून आहे. काजं मात्र जवळजवळ सगळीकडे हातानेच केलेली असत, म्हणून पहिल्यांदा काज पाहायचं. आजच्या यंत्राच्या काजात आधी दोन्ही कडांना नागमोडी टीप पडते आणि मग मधे पात्याने चीर देतात. त्यामुळे आत कापडाचे तुसे सुटलेले दिसतात. हाताच्या काजात आधी चीर, आणि मग काठावर गाठीगाठीचा टाका, एकाला एक चिकटून. बोट फिरवलंत तर त्याची कड दाण्यादाण्यांची लागते. स्वस्त कोट आधीच गळ्यात पडला असेल तर तो टाकून देऊ नका. यंत्राची काजं उसवा, मेण लावलेल्या तागाच्या दोऱ्याने हाताने पुन्हा करा. पहिली दोन वेडीवाकडी होतील, चौथं बरं होईल. चार काजांनी कोटाची कळा बदलते.

दक्षिणेकडच्या जॅकेटांचं कापड, ज्याला जीन म्हणतात, ते आपल्या जीन्सचं नव्हे. ताणा सुती आणि बाणा लोकरी, त्यामुळे वरून लोकर दिसते आणि आत सूत. झाडपाल्याचे, सालीचे रंग दिलेले असत आणि ते उन्हाने उतरून तपकिरी पडत. १८६४ च्या सुमाराला रिचमंडच्या सरकारी डेपोत इंग्लंडहून आलेल्या निळसर करड्या लोकरी कापडाची जॅकेटंही शिवली जात. फाटका, चिंध्या पांघरलेला कॉन्फेडरेट (दक्षिणेचा सैनिक) हे चित्र लोकांना फार प्रिय आहे आणि त्यासाठी नव्या जॅकेटला कात्री आणि चिखल लावणारे महाभाग मी पाहिलेत. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गला फोटोग्राफर मॅथ्यू ब्रेडीच्या लोकांनी टिपलेला तीन कॉन्फेडरेट कैद्यांचा प्रसिद्ध फोटो उघडून बघा. इतकी मोठी लढाई हरून पकडलेली माणसं आहेत, पण कपडे धड आहेत, डोक्यावर हॅट आहेत, अंगावर वळकटी बांधलेली आहे. कपडा जुना व्हायला हवा असेल तर तो वापरा. त्यात झोपा, पावसात भिजा, चुलीपाशी बसा.

दुकानात कापडाची शंका आली तर कडेचा एक धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडी लावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, सुताची कागदासारखी राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. याला निव्वळ हौस समजू नका. तुम्ही चुलीशेजारी झोपणार आहात आणि कानाशेजारी बंदुकीची ठिणगी उडणार आहे. वितळणारं कापड कातडीला चिकटतं.

बंदूक ठासणीची. स्प्रिंगफील्ड .५८ कॅलिबरची, वजनाला चार किलोच्या आसपास. दुसरी सर्रास दिसणारी म्हणजे इंग्लंडहून दोन्ही बाजूंनी लाखांनी आणलेली १८५३ ची एनफील्ड. हो, आपल्या १८५७ च्या काडतुसांची एनफील्ड ती हीच. चरबी लावलेल्या कागदावरून मेरठला जे पेटलं, त्याच घडणीची बंदूक पाच-सहा वर्षांनी व्हर्जिनियातली शेतकऱ्यांची पोरं दाताने काडतूस फाडून भरत होती. आजच्या प्रतिकृती बहुतेक इटलीत बनतात. नळीवर आधुनिक चाचणीचे शिक्के आणि कंपनीचं नाव असतं, दस्ता जाडा आणि चकचकीत वॉर्निशचा. ते शिक्के घासून काढणं, दस्ता तासून तेल पाजणं, हे जाणकार गनस्मिथकडूनच करून घ्या. मैदानावर गोळी अर्थातच नसते, नुसती दारू आणि कागद. लढाईच्या गर्दीत बहुतेक आयोजक गज (दारू ठासायची सळई) नळीत घालू देत नाहीत, कारण गडबडीत तो नळीतच राहिला तर तो भाला होतो. इथे अस्सलपणा सोडायचा आणि वादही घालायचा नाही.

नवखे पैसे कपड्यांवर घालतात आणि फुकट मिळणारी गोष्ट टाळतात. ती म्हणजे कवायत. हार्डीचं १८५५ चं आणि केसीचं १८६२ चं कवायतीचं पुस्तक दोन्ही सहज वाचायला मिळतात. बंदूक भरण्याचे नऊ टप्पे, दोन ओळींत कोपराला कोपर लावून उभं राहणं, मागच्याची नळी पुढच्याच्या कानाशेजारून जाणं, हे अंगात मुरलेलं असेल तर मध्यम प्रतीच्या कोटातली वीस माणसंसुद्धा बघणाऱ्याला थांबवतात. याच्या उलट उंची कपड्यांत ढिली उभी असलेली मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत. ती फॅन्सी ड्रेसच्या रांगेत शोभतील.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. हार्डटॅक म्हणजे नुसत्या पिठापाण्याची, साधारण तीन इंच बाजूची आणि अर्धा इंच जाडीची भोकाभोकांची बिस्किटं. शिपायाला दिवसाला नऊ किंवा दहा मिळत. ती घरी भाजता येतात. दात सांभाळा, कॉफीत भिजवा नाहीतर डुकराच्या चरबीत परता. डुकराचं मांस खात नसाल तर शिध्यात गाईचं खारवलेलं मांसही असे, आणि तेही चालत नसेल तर पडशीत बिस्किटं, साखर, कॉफी ठेवा. शाकाहारी राहून दोन दिवस निघतात, कुणी विचारत नाही. कॉफीचे दाणे मात्र मगातच संगिनीच्या मागच्या टोकाने ठेचा.

आता टाके मोजणाऱ्यांबद्दल. या छंदात साधारण दोन टोकं आहेत. एका टोकाला 'दहा फुटांवरून बरं दिसलं की झालं' म्हणणारे, ज्यांच्या तंबूत चादरीखाली आइसबॉक्स असतो. दुसऱ्या टोकाला सगळं सामान पाठीवर घेऊन मैलोन्‌मैल चालणारे, तंबूऐवजी रबरी चादरीवर एकमेकांना चिकटून झोपणारे. त्यांच्या भाषेत पहिले सगळे 'फार्ब', म्हणजे नकली. मी स्वतः दुसऱ्या टोकाकडे झुकलेला आहे, कारण लोक दहा फुटांवर थांबत नाहीत. लहान मुलं तर थेट कोटाला हात लावतात. पण कुणाच्या बटणावरून चारचौघांत त्याची चामडी सोलणारा माणूस मला तुकडीत नको असतो. अशा माणसाला टाळा, त्याची माहिती घ्या. चष्मा, घड्याळ, फिल्टरची सिगारेट आणि फोन एवढ्या चार गोष्टी दिसेनाशा केल्यात, की पहिल्या वर्षी कुणी तुम्हाला छळणार नाही. चष्मा लागत असेल तर जुन्या घाटाच्या फ्रेममध्ये भिंगं बसवून मिळतात.

तरी एक गोष्ट पैशांनी किंवा अभ्यासाने जमत नाही. त्या सैन्यातला माणूस विशीतला, सरासरी पाच फूट आठ इंचांचा आणि पासष्ट किलोंचा होता. आमच्या रांगांमध्ये पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले गृहस्थ भरपूर आहेत. त्यांनाही सगळे शिपाई म्हणूनच पाहतात. मग तुमच्या चेहऱ्याचीच एवढी चिकित्सा का? चीनमध्ये जन्मलेला जोसेफ पिअर्स १४ व्या कनेटिकटच्या 'एफ' कंपनीत होता, गेटिसबर्गला लढला आणि पुढे कॉर्पोरल झाला. युनियनच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. सारा वेकमन नावाची बाई पुरुषाच्या नावाने १५३ व्या न्यूयॉर्कमध्ये भरती झाली होती. १९८९ मध्ये अँटिटमच्या राष्ट्रीय उद्यानात पुरुषी वेशात आलेल्या एका रीएनॅक्टर बाईंना बाहेर काढलं गेलं. त्या कोर्टात गेल्या आणि १९९३ मध्ये जिंकल्या. तेव्हा रांगेत उभे राहा. फक्त एक करू नका. कोकणातला कुणी खलाशी न्यूयॉर्कला उतरला आणि सैन्यात भरती झाला, अशी रसाळ कथा रचून प्रेक्षकांना सांगू नका. नाव नाही, कागद नाही, तर ती बनवाबनवीच, मग कोटाचं काज कितीही हाताचं असो. कुणी 'तुमचा या युद्धाशी काय संबंध' म्हणून विचारलंच, तर खरं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. युनियनच्या दारूतला सोरा ब्रिटिश हिंदुस्थानातून जात होता. दक्षिणेची बंदरं अडल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मग हिंगणघाट-अमरावतीकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या काळातली शेअरची धुंदी चढली आणि १८६५ मध्ये इकडे युद्ध संपताच ती धाडकन उतरली. हे ऐकून अमेरिकन माणूस हमखास खुर्ची ओढून बसतो.

याच्याच पलीकडची गोष्ट जरा कडू आहे. या छंदात असे लोक भेटतील, ज्यांना रिचमंडच्या जॅकेटला किती बटणं होती ते तोंडपाठ आहे, पण युद्ध गुलामगिरीवरून झालं म्हटलं की ते विषय बदलतात. मिसिसिपीने १८६१ मध्ये संघराज्यातून फुटताना जे घोषणापत्र काढलं, त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे असं सुरुवातीलाच लिहिलंय. तो कागद न वाचता करड्या कपड्यात उभा राहणारा माणूस माझ्या लेखी घड्याळ घालून आलेल्यापेक्षा मोठा फार्ब आहे. कॉन्फेडरेट इम्प्रेशन प्रामाणिकपणे करणारे मित्र मला आहेत. प्रेक्षकाने विचारलं की ते हे टाळत नाहीत, आधी हेच सांगतात.

आणि लढाईचा देखावा? तो सगळ्यात कमी अस्सल भाग. पहिल्या बाराला कुणीच पडत नाही, कारण एवढ्या लांब गाडी हाकून आल्यावर मरायचं कुणाला असतं? शेवटी शेवटी मात्र सावली बघून पटापट पडतात. १९६१ मध्ये शताब्दीनिमित्त मनॅससला मोठा देखावा झाला. त्यानंतर राष्ट्रीय उद्यान सेवेने आपल्या रणभूमींवर दोन फळ्या समोरासमोर लढवण्याला बंदी घातली. तिथे बंदुकीचं प्रात्यक्षिक चालतं, लुटुपुटूची लढाई नाही. मला ते योग्यच वाटतं. ज्या शेतात खरी माणसं पुरली गेली, तिथे उठून टाळ्या घेणं बरं दिसत नाही. मोठे देखावे आता खासगी जमिनींवर होतात. तिथे जा, पण शिकण्यासाठी छोटा, चालत राहायचा कार्यक्रम निवडा.

आता खरेदीचा क्रम. तुमच्याजवळची एखादी तुकडी शोधा आणि पहिला हंगाम त्यांच्याच उसन्या सामानावर काढा. बहुतेक तुकड्यांकडे नवख्यांसाठी जादा कपडे असतात. स्वतःचं घ्यायचं ते आधी बूट, कारण उसना बूट पाय फोडतो. मग लोकरी मोजे, शर्ट, पँट, कोट, पडशी आणि पाण्याचं कॅन्टीन. प्रत्येक वस्तू घेण्याआधी तुकडीतल्या एखाद्या जुन्या माणसाला दाखवा. बंदूक सगळ्यात शेवटी. काळ्या दारूची ठासणीची प्रतिकृती संघराज्याच्या कायद्यात सहसा जुन्या हत्यारांच्या वर्गात मोडते, पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत आणि न्यू जर्सी त्यात कडक आहे. त्यातून तुम्ही एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल, तर तुकडीतल्या मित्राच्या 'काही होत नाही रे'वर विसंबू नका, वकिलाला विचारा. त्याचं उत्तर येईपर्यंत स्ट्रेचर उचलणाऱ्यांत नाव द्या. तिथे माणसं नेहमीच कमी पडतात आणि त्या कामाला बंदूक लागत नाही.